पोटातले सूक्ष्मजीव आणि चारचौघांतलं वागणं

नागपूरच्या कुठल्याही वस्तीत मोकाट कुत्र्यांचा विषय निघाला की पिसाळण्याची भीती बोलण्यात येतेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या कुत्र्यांबद्दल आदेश दिले, तेव्हापासून तर हा विषय घराघरात पोचला. त्याच घरांतल्या मोबाइलवर आणखी एक मजकूर फिरत असतो: तुमचा स्वभाव पोटातले जिवाणू ठरवतात, मूल बुजरं असेल तर त्याचं पोट बिघडलंय, अमुक कॅप्सूल सुरू करा.

हे दोन विषय कुणी एकत्र जोडत नाही. पण मुळातला प्रश्न एकच आहे. डोळ्यांना न दिसणारा जीव ज्याच्या शरीरात राहतो, त्याचं इतरांशी वागणं बदलू शकतो का? कुत्र्याच्या बाबतीत उत्तर ठाम ‘हो’ आहे. बुजऱ्या मुलाच्या बाबतीत असं ठाम उत्तर कुणाकडेही नाही, आणि तरी कॅप्सूल विकली जाते. या दोन टोकांच्या मध्ये बरंच विज्ञान आहे, आणि ते समजायला डॉक्टर असावं लागत नाही. फक्त प्रत्येक दाव्याला दोन प्रश्न विचारायचे: हा परिणाम कुठल्या वाटेने झाला? आणि गोष्ट उलटी तर नाही ना?

## आधी शब्दांचा हिशेब

सूक्ष्मजीव या एका शब्दात बरीच वेगवेगळी मंडळी येतात: जिवाणू, विषाणू, बुरशी, एकपेशीय परजीवी. ते ज्याच्या शरीरात राहतात तो यजमान. आतड्यात, त्वचेवर, तोंडात नांदणाऱ्या या सगळ्यांना मिळून मायक्रोबायोम म्हणतात. आपण त्याला जंतूंची वस्ती म्हणू. आणि सामाजिक वर्तन म्हणजे आपल्याच प्रजातीतल्या दुसऱ्याशी असलेला व्यवहार: जवळ जाणं, टाळणं, ओळखणं, भांडणं, जोडीदार निवडणं.

शरीरात माणसाच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, त्यांचं वजन दोन किलो भरतं, हे वाक्य अजूनही पाठ्यपुस्तकासारखं सांगितलं जातं. ते चूक आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ साली नव्याने हिशेब मांडला. सरासरी पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी निघाल्या. म्हणजे जवळजवळ बरोबरी. आणि जिवाणूंचं एकूण वजन साधारण २०० ग्रॅम.

## सर्वांत स्पष्ट पुरावा: पिसाळणं

रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि मज्जातंतूंच्या आतून मेंदूकडे सरकतो. त्याला कित्येक आठवडे लागतात, कधी महिने. मेंदूत पोचल्यावर तो पुन्हा मज्जातंतूंच्याच वाटेने लाळग्रंथींत उतरतो. याच दिवसांत कुत्र्याचं वागणं पालटतं. तो ओळखीच्या माणसावर धावून जातो, कारण नसताना चावतो, आपली गल्ली सोडून भटकतो. घशाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून लाळ गिळली जात नाही आणि तोंडातून गळत राहते. लाळ विषाणूने भरलेली आणि कुत्रा चावायला धावणारा, हे दोन्ही एकाच वेळी घडतं. विषाणूला पुढचा यजमान मिळतो तो यामुळेच.

पण पिसाळलेला प्रत्येक कुत्रा अंगावर येत नाही. दुसऱ्या प्रकारात तो कोपऱ्यात गप्प पडून असतो आणि त्याचा जबडा लोंबतो. घशात हाड अडकलं असेल असं समजून माणसं त्याच्या तोंडात हात घालतात. हा प्रकार जास्त फसवा आहे.

म्हणून इथेच सांगून टाकतो. कुत्रा चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. तिखट, चुना, हळद, तेल काहीही भरायचं नाही; त्याने विषाणू मरत नाही, उलट जखमेला इजा होते. त्याच दिवशी लस सुरू करायची. पहिला दिवस शून्य धरून स्नायूत घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. त्वचेत घ्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावं लागतं, म्हणजे तयार प्रतिपिंडं, कारण लसीचा परिणाम दिसायला काही दिवस जातात. कुत्रा दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं समजतात. पण ते दहा दिवस लस न घेता वाट पाहायची नसते. लक्षणं दिसू लागली की मग जवळजवळ कुणी वाचत नाही.

दुसरं गाजलेलं उदाहरण टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीचं. त्याची लैंगिक पुनरुत्पत्ती फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होते, त्यामुळे उंदरातून मांजरात जाणं त्याच्या फायद्याचं. २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की निरोगी उंदीर मांजरीच्या मुताचा वास आलेली जागा टाळतात, तर या परजीवीची लागण झालेल्यांत ती भीती कमी होते. आणि २०२२ साली अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या लांडग्यांचा अभ्यास आला. त्यात तब्बल २६ वर्षांची माहिती होती. लागण झालेले लांडगे कळप सोडून जाण्याची शक्यता ११ पट आणि कळपाचे म्होरके होण्याची शक्यता ४६ पटींहून जास्त आढळली. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण इथे आपला दुसरा प्रश्न विचारायलाच हवा: लागणीमुळे लांडगा धीट झाला, की मुळात धीट असलेला लांडगा प्यूमाच्या, म्हणजे तिथल्या मांजरकुळातल्या मोठ्या प्राण्याच्या, हद्दीत जास्त फिरला आणि त्याला लागण झाली? हा अभ्यास निरीक्षणाचा होता, प्रयोगाचा नव्हता. उंदरांत लागण मुद्दाम करून पाहता येते, लांडग्यांत तसं केलेलं नाही.

## आजारी माणूस चारचौघांत मिसळत नाही, ते कुणामुळे?

ताप आला की आपण गोधडी ओढून पडतो, कुणी बोलायला आलं तरी नको वाटतं. हे जंतू करतो का? बहुतांशी नाही. हे आपली प्रतिकारशक्तीच करते. तिच्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, ती मेंदूला खबर देतात, आणि भूक, हुरूप, गप्पांची हौस सगळं आटतं. २०१० साली अमेरिकेत निरोगी माणसांना जिवाणूंच्या आवरणातला एक अंश अगदी अल्प प्रमाणात टोचून पाहिलं. जिवंत जंतू एकही नव्हता. तरी काही तासांत त्या माणसांना इतरांपासून तुटल्यासारखं वाटू लागलं.

म्हणजे आजारात वागणं बदललं की ते जंतूंचंच काम, असं धरून चालत नाही. घरात चोर शिरला आणि घरमालकाने आतून कडी लावली, तर ती कडी चोराने लावलेली नसते.

## तडसाचा वास

आता आजार नसलेल्या, रोजच्या संसारातल्या जंतूंकडे येऊ. पेंच-ताडोबाच्या पट्ट्यात दिसणारा तडस, म्हणजे पट्टेरी तरस, शेपटीखालच्या पिशवीतला चिकट स्राव गवताच्या काडीवर फासून जातो. मागून येणारा तडस तो हुंगतो आणि कोण येऊन गेलं ते त्याला कळतं. हा वास बनवतं कोण? २०१३ साली केनियातल्या मसाई मारामध्ये पट्टेरी आणि ठिपकेदार, दोन्ही तरसांचे स्राव तपासले. त्या पिशवीत स्राव आंबवणारे जिवाणू भरपूर होते, आणि प्रजाती बदलली की जिवाणूंची वस्ती आणि वास दोन्ही बरोबरीने बदलत होते. डोशाच्या पिठाला जसा आंबल्यावर वास येतो, तशीच ही प्रक्रिया आहे. फक्त इथे त्या वासावर ओळखपाळख चालते.

मधमाश्यांतही तसंच काहीसं आहे. पोळ्याच्या दारावरच्या पहारेकरी माश्या अंगाच्या वासावरून आपली कोण आणि परकी कोण ते ठरवतात. तो अंगवास घडवण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा हात असतो, हे २०२० साली प्रयोगातून दिसलं.

## उलटा बाण: संगतीने जंतू

आपण ‘जंतूंमुळे वागणं’ म्हणत आलो. पण ‘वागण्यामुळे जंतू’ ही बाजू तितकीच पक्की आहे, आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ती हमखास गळते.

केनियातल्याच अंबोसेलीत दोन कळपांतल्या ४८ बबून माकडांचा अभ्यास २०१५ साली झाला. फुटाळा तलावाच्या काठावर किंवा एखाद्या गच्चीवर वानरं एकमेकांच्या अंगातल्या उवा, कचरा वेचत बसतात, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. बबूनही तेच करतात. जी माकडं एकमेकांचं अंग जास्त वेचत होती, त्यांच्या आतड्यातले जिवाणू जास्त सारखे निघाले. खाणं आणि नातं यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही ते साम्य उरलं. माणसांत असंच चित्र २०२४ साली होंडुरासच्या १८ दुर्गम गावांतल्या १,७८७ प्रौढांत दिसलं: एका घरात न राहणाऱ्या मित्रांतही जिवाणूंचे सारखे वाण, म्हणजे एकाच जातीतले उपप्रकार, सापडले. एकत्र जेवणं, भेटणं, हात मिळवणं, यातून जंतू घरोघर फिरतात.

सर्वांत बोलकं उदाहरण मात्र आपल्या दाराच्या चौकटीत असतं. ती वाळवी. लाकूड पचवणं तिला एकटीला जमत नाही. लाकूडच खाणाऱ्या अनेक जातींत ते काम आतड्यातले एकपेशीय जीव आणि जिवाणू करतात. पण या वाळव्या कात टाकतात तेव्हा आतड्याचं मागचं अस्तरही निघून जातं आणि त्याबरोबर हे सगळे मदतनीस. एकटी वाळवी मग समोर लाकूड असूनही उपाशी मरेल. ती वारुळातल्या दुसरीच्या गुदद्वारातून येणारा रस चाटते आणि वस्ती पुन्हा भरून घेते. वाळवीच्या पूर्वजांनी एकत्र राहायला सुरुवात केली त्यामागे हे एक कारण असावं, असं अनेक कीटकशास्त्रज्ञ मानतात.

## पोटातून मेंदूकडे बातमी जाते कशी?

पोटात गोळा येतो, पोटात कालवतं, पोटतिडकीने बोललं जातं. भाषेने हे नातं कधीच ओळखलं. शरीरात ते जोडणाऱ्या वाटा मोजक्या आहेत.

पहिली व्हेगस नावाची नस. ती मेंदूच्या तळापासून निघून छातीतून पोटापर्यंत जाते. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे बातमी नेतात. दुसरी वाट रक्ताची. आपल्याला न पचलेला चोथा (फायबर) आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून लहान आम्लं तयार होतात आणि रक्तात उतरतात. तिसरी प्रतिकारशक्तीची, जी तापाच्या उदाहरणात आलीच. चौथी तणावाच्या संप्रेरकांची.

सेरोटोनिनबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात बनतं हे खरं. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. त्यामुळे पोटात आनंदाचं रसायन बनतं म्हणून मन आनंदी होतं, ही साखळी मधेच तुटलेली आहे.

## उंदरांचे प्रयोग आणि त्यांतल्या फटी

‘जंतूविरहित’ उंदीर वाढवणं फार कष्टाचं काम आहे. पिल्लू आईचं पोट कापून काढतात, हवा गाळून सोडलेल्या बंद प्लास्टिकच्या कक्षात ठेवतात, अन्न-पाणी-बिछाना सगळं निर्जंतुक करून देतात. त्यांची वस्ती पुढे वाढवली की जन्मभर एकही जिवाणू न भेटलेले उंदीर मिळतात.

मग चाचणी. तीन कप्प्यांची पेटी घेतात. उंदीर मधल्या कप्प्यात. एका बाजूला जाळीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला रिकामी जाळी. ठराविक मिनिटांत तो कुठे किती वेळ घालवतो ते मोजतात. साधा उंदीर पाहुण्याकडे ओढला जातो. जंतूविरहित उंदीर अनेक प्रयोगांत तितका जात नाही.

पण एवढ्यावर थांबलं तर काहीच सिद्ध होत नाही. २०२१ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेचं काम पुढे गेलं म्हणून ते मोलाचं. अशा उंदरांत अनोळखी उंदराला भेटल्यावर कॉर्टिकोस्टेरोन हे तणावाचं संप्रेरक जास्त वाढतं, हे त्यांनी मोजलं. ते संप्रेरक बनवणारी ग्रंथी काढली, तर भेटीगाठी वाढल्या. एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा एकच जिवाणू दिला, तर संप्रेरक उतरलं आणि मिसळणं सुधारलं. जंतू काढा, परत द्या, वाट शोधा, वाट अडवून पाहा. बिघडलेला पंखा दुरुस्त करणारा इलेक्ट्रिशियन स्विच, वायर, कंडेन्सर एकेक तपासतो, तसंच.

ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजमधलं २०१६ चं कामही याच दर्जाचं आहे. गरोदरपणात अतिचरबीचं खाणं दिलेल्या माद्यांची अनेक पिल्लं इतर उंदरांत कमी मिसळत होती आणि त्यांच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी फार कमी झाला होता. तो पाण्यातून दिल्यावर मिसळणं सुधारलं. त्याच गटाने २०१९ साली दाखवलं की व्हेगस नस कापली तर हा परिणाम होत नाही. मात्र त्या पिल्लांतली भित्रेपणाची लक्षणं जिवाणू देऊनही गेली नाहीत. एक जिवाणू सगळं वागणं बदलत नाही.

आता फटी. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांची जंतूंची वस्ती सारखी होत जाते. एका पिंजऱ्यात पाच उंदीर असतील तर ते पाच स्वतंत्र पुरावे नव्हेत. एकाच हंडीतला भात पाच ताटांत वाढण्यासारखं ते आहे. माणसाची विष्ठा उंदरांना देऊन केलेल्या प्रयोगांत तर दाते मोजके आणि उंदीर ढीगभर असतात, आणि हिशेब उंदरांच्या संख्येवर केला तर परिणाम आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. शिवाय जंतूविरहित उंदराचं आंधळं आतडं फुगलेलं असतं, प्रतिकारशक्ती कच्ची असते. त्याचं वागणं कुठल्या कारणाने बिघडलं हे वेगळं काढणं अवघड जातं.

## मग जंतू आपल्याला नाचवतात का?

स्वतःच्या प्रसारासाठी जिवाणू आपल्याला मिलनसार बनवतात, ही कल्पना मोहक आहे. मला ती आतड्यातल्या बहुतेक जिवाणूंना लागू होईल असं वाटत नाही. आतड्यात शेकडो जाती दाटीवाटीने राहतात. त्यांतल्या एकाने स्वतःची ऊर्जा खर्चून मेंदूला वळवणारं रसायन बनवलं, तर फायदा शेजाऱ्यालाही फुकट मिळतो आणि खर्च करणारा वाढीत मागे पडतो. रेबीजच्या विषाणूची गोष्ट वेगळी. मेंदूत तो जवळजवळ एकटाच असतो, वाटेकरी नसतो.

चूल पेटते भातासाठी. धूर शेजारच्या घरात जातो आणि तिथलं माणूस खोकतं. तो धूर त्याला खोकवायला केलेला नसतो. आतड्यातल्या जिवाणूंची आम्लं आणि इतर रसायनं अशीच, त्यांच्या पोटापाण्याच्या धडपडीतून निघालेली. आपलं शरीर पिढ्यान्‌पिढ्या त्या धुरात वाढलं, म्हणून तो नसला की बिघडतं. परिणाम खरा, हेतू मात्र नाही.

## माणसांत काय दिसलं?

इथे फार जपून बोलावं लागतं. जेबी-१ नावाच्या लॅक्टोबॅसिलसच्या वाणाने उंदरांचा तणाव कमी केला, व्हेगस कापल्यावर परिणाम नाहीसा झाला, असं आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गटाने २०११ साली दाखवलं. तोच वाण २०१७ साली २९ निरोगी पुरुषांना दिला. ताण, मनःस्थिती, स्मरण, कशातही फरक दिसला नाही. त्याच गटाने तो निकाल प्रामाणिकपणे छापला, याचं मला कौतुक वाटतं.

२०२४ सालच्या एका अभ्यासात १०१ पुरुषांतल्या काहींना सात आठवडे जिवाणू आणि त्यांना पोसणारा चोथा दिला, बाकीच्यांना दिसायला तशीच पण निष्क्रिय पूड. खेळ असा: एकाने पैशांची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती स्वीकारायची किंवा नाकारायची, नाकारली तर दोघांनाही शून्य. जिवाणू घेतलेल्यांनी अन्यायाची वाटणी जास्त वेळा नाकारली. फरक खरा असला तरी तो एका खेळातला, फक्त पुरुषांतला आहे.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांना या विषयावर सर्वांत जास्त आशा विकली जाते, म्हणून त्यावर नेमकं बोलायला हवं. २०१७ साली अ‍ॅरिझोनात १८ मुलांना निरोगी दात्यांच्या विष्ठेतले जंतू दिले. पोटाचा त्रास आणि काही वर्तन सुधारलं. पण तुलनेचा गट नव्हता, आणि उपचार चालू आहे हे पालकांना माहीत होतं. २०२१ साली ऑस्ट्रेलियात २४७ मुलांच्या विष्ठेचे नमुने तपासले. स्वमग्नता आणि जंतूंची वस्ती यांचा थेट संबंध नगण्य निघाला. उलट चित्र असं: स्वमग्न मूल मोजकेच पदार्थ खातं, त्यामुळे त्याची वस्ती मर्यादित होते. बाण वर्तनाकडून पोटाकडे. रॉयटेरी जिवाणूची ४३ मुलांवरची सहा महिन्यांची इटलीतली चाचणी २०२४ साली आली; मिसळण्याच्या काही मोजमापांत सुधारणा दिसली, स्वमग्नतेच्या एकूण तीव्रतेत नाही. ही लहान, पहिलीवहिली चाचणी आहे. तिच्या भरवशावर चालू थेरपी थांबवणं मुलाचं नुकसान करणारं ठरेल.

## मग कॅप्सूल घ्यावी की ताक प्यावं?

ताक, दही, उन्हाळ्यातली ज्वारीची आंबील हे चांगलं अन्न आहे. पण घरच्या विरजणात कुठला वाण आहे हे ठरलेलं नसतं, त्यामुळे चाचणीतल्या वाणाचा परिणाम त्याला चिकटवता येत नाही. आतड्यातल्या वस्तीला रोज लागतो तो चोथा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम असतो. उरलेला डाळी, अंबाडीसारख्या पालेभाज्या आणि संत्र्यातून निघतो. संत्र्याचा रस गाळला की चोथा गाळणीत राहतो, म्हणून फोडी खाव्यात. एकदम वाढवला तर पोट फुगतं. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा.

अँटिबायोटिकने ही वस्ती उजाडते. साध्या सर्दीला, जी विषाणूची असते, ते मागून घेऊ नये. पण डॉक्टरांनी जिवाणूच्या आजारासाठी दिलं असेल तर वस्तीच्या काळजीने मधेच सोडू नये.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर वेष्टनावर तीन गोष्टी पाहाव्यात: नुसतं जिवाणूचं नाव नव्हे तर वाणाचा क्रमांक, मुदत संपेपर्यंत किती कोटी जिवंत राहतील तो आकडा, आणि किती तापमानात ठेवायची ते. तिसरी गोष्ट नागपुरात फार महत्त्वाची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना गाडीच्या डिकीत तासभर राहिलेल्या डबीतले बरेच जिवाणू मेलेले असू शकतात. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, ज्यांना मोठ्या शिरेत नळी घातलेली आहे, किंवा जी बाळं दिवस भरण्याआधी जन्मली आहेत, त्यांना जिवंत जिवाणूंचं कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. अशा रुग्णांत तेच जिवाणू क्वचित रक्तात उतरून गंभीर संसर्ग करतात.